शी बदलली म्हणून बाळाचं जेवण बंद करू नका

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझी मुलगी सात महिने दहा दिवसांची आहे. जन्मतः वजन २.८ किलो होतं, आता ७.१ किलो आहे. सहा महिने फक्त अंगावरच पाजलं. मग उष्टावण केलं आणि वरणाचं पाणी, भाताची पेज सुरू केली. गेल्या पंधरा दिवसांत नाचणीचं सत्त्व, केळं, गाजर, बीट, पपई असं एकेक देऊन बघितलं. पूर्वी दिवसातून तीन-चारदा पिवळी, पातळ शी व्हायची. आता कधी कधी दोन दोन दिवस होत नाही. होते तेव्हा घट्ट आणि वासाची होते, आणि करताना तिचा चेहरा लालबुंद होतो. एकदा शीत गाजराचे तुकडे तसेच्या तसे दिसले, एकदा काळे दोरे दिसले. बीट दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तर लाल शी बघून मी रडायलाच लागले. सासूबाई म्हणतात, तिला हे पचत नाहीये, सगळं बंद कर, थोडे दिवस वरणाच्या पाण्यावर ठेव आणि रोज गुटी दे. शेजारच्या काकू म्हणतात, चमचाभर एरंडेल पाज, पोट साफ होईल. आशाताईंनी लोहाचं औषध दिलं होतं, त्याने शी काळी व्हायला लागली म्हणून ते मीच थांबवलं. मुलगी हसते, खेळते, दूध नीट पिते. तिला नक्की काय होतंय? काय बंद करू आणि काय चालू ठेवू?

– एक आई, कराड

उत्तर

प्रिय ताई,

आधी सरळ उत्तर देते, म्हणजे आजची रात्र तुम्हाला नीट झोप लागेल. तुमच्या मुलीचं पोट बिघडलेलं नाही. तिचं जेवण बंद करू नका. बंद करायचं ते नुसतं वरणाचं पाणी आणि गुटी. एरंडेल तर घरात असेल तर कपाटात वर ठेवून द्या. आणि आशाताईंनी दिलेलं लोहाचं औषध या आठवड्यापासून पुन्हा सुरू करा.

आता हे असं का म्हणते ते सांगते. तुम्ही इतक्या बारकाईने सगळं लिहिलं आहे की मलाही तितकंच बारकाईने उत्तर द्यायला हवं.

सहा महिने तुमची मुलगी फक्त आईच्या दुधावर होती. ते दूध इतकं पूर्णपणे शोषलं जातं की मागे फारसं काही उरतच नाही. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ, पिवळी, आंबूस वासाची असते. काही बाळांना दिवसातून सहा-सात वेळा होते, काहींना चार-पाच दिवस होतच नाही, आणि दोन्ही बाळं ठणठणीत असतात. त्या पोटात आता पहिल्यांदाच धान्य, डाळ, फळ, भाजी जाते आहे. यातला चोथा पचत नाही, तो कोणाच्याच पोटात पचत नाही, तुमच्या-माझ्याही नाही. तो मोठ्या आतड्यात जातो, शीला घट्टपणा देतो. तिथे असलेल्या जंतूंचं गोकुळही बदलायला लागतं. दुधावर जगणारे जंतू कमी होतात, धान्य-भाजीच्या चोथ्यावर जगणारे वाढतात, आणि त्यांच्यामुळे शीला मोठ्या माणसासारखा वास येऊ लागतो. हा वास म्हणजे बिघाड नाही. आतडं मोठं होतंय, इतकाच त्याचा अर्थ.

पिठूळ पदार्थ पचवणारा जो पाचक रस स्वादुपिंडातून येतो, तो जन्मतः फार कमी असतो आणि पहिल्या वर्षभरात हळूहळू वाढतो. सात महिन्यांच्या बाळाला भात, नाचणी पचते, पण नीट शिजलेली पचते. म्हणून आपल्याकडे बाळाचा भात गुरगुट्या करतात, त्यात शहाणपण आहे. शिवाय तिला दाढा नाहीत. गाजराचा तुकडा कच्चट राहिला आणि तिने तो तसाच गिळला तर तो तसाच बाहेर येणार. मोठ्यांनीही मक्याचं कणीस घाईत खाल्लं की दाणे दिसतातच. शीत गाजर दिसलं याचा अर्थ गाजर पचत नाही असा नाही, ते आणखी मऊ शिजवून पळीने घोटायला हवं, एवढाच आहे.

काळे दोरे केळ्याचे. केळ्याच्या मधल्या भागात जे बारीक तंतू असतात ते आतड्यातून जाताना काळे पडतात आणि थेट जंतांसारखे दिसतात. त्यासाठी जंताचं औषध आणायला धावू नका, ते वर्षाच्या आत सहसा देतच नाहीत. लाल शी बिटाची. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत लघवीसुद्धा गुलाबी होऊ शकते. पालकाने हिरवी होते, गाजर-भोपळ्याने केशरी, नाचणीने गडद तपकिरी. आणि लोहाच्या औषधाने काळी किंवा काळपट हिरवी होते, कारण न शोषलेलं लोह शीतून बाहेर पडतं. ती अपेक्षितच गोष्ट आहे. आशाताईंनी औषध देताना ती सांगितली असती तर तुम्ही ते थांबवलं नसतं, हे मला कळतं.

चेहरा लाल होतो त्याबद्दल. बाळ आडवं झोपलेलं असतं, पोटाचे स्नायू कोवळे असतात, आणि जोर लावताना खालचा स्नायू सैल सोडायचा ही जोडणी त्याला अजून नीट जमत नसते. म्हणून बाळ कुंथतं, कण्हतं, लाल होतं. तुम्ही चेहऱ्याकडे बघू नका, शी बाहेर आल्यावर ती हाताला कशी लागते ते बघा. पिठल्यासारखी मऊ असेल तर दोन दिवसांनी झाली तरी ती बद्धकोष्ठता नाही. कडक खडे पडत असतील, करताना ती किंचाळून रडत असेल, शीवर रक्ताची रेघ दिसत असेल तर ती बद्धकोष्ठता. तुमच्या पत्रात ‘घट्ट’ आहे, ‘कडक’ नाही, आणि रडण्याचा उल्लेखही नाही. म्हणून मी निश्चिंत आहे.

खाल्लं की लगेच शी होते अशी तक्रारही बऱ्याच आया करतात, तुमच्याकडे उद्या तसं झालं तर आधीच सांगून ठेवते. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही शरीराची जन्मजात प्रतिक्रिया आहे आणि तान्ह्या वयात ती जोरदार असते. बाहेर पडते ती शी मघाच्या घासाची नसते, आधीच्या जेवणांची असते.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगते. तिच्या शीची नाही, वरणाच्या पाण्याची.

महाराष्ट्रात बाळाचं पहिलं अन्न म्हणजे वरणाचं पाणी, हे घरोघरी चालत आलं आहे. पण वरण शिजल्यावर वर जे निवळ पाणी येतं त्यात डाळ असतेच किती? सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण दोनशे मिलिलिटर मावतं. त्यातली वाटीभर जागा पाण्याने भरली तर दूधही कमी प्यायलं जातं आणि डाळही मिळत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५० च्या आसपास. हा आकडा पाण्याने कधीच गाठता येणार नाही. पोट टम्म झालेलं, मूल शांत झोपलेलं, आणि वजनाची रेषा मात्र आडवी, असं चित्र बालरोगतज्ज्ञांना फार ओळखीचं आहे. सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत असलेली मुलं सात ते बारा महिन्यांत मागे पडतात, त्याचं एक मोठं कारण हे पातळ अन्न आहे.

दुसरं कारण लोह. बाळ जन्मताना लोहाचा जो साठा घेऊन येतं तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधातलं लोह छान शोषलं जातं, पण ते मुळातच फार थोडं असतं. म्हणजे सातव्या महिन्यापासून लोह अन्नातून आणि औषधातूनच यायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे तीनपैकी दोन मुलं. रक्त कमी असलेलं मूल चिडचिडतं, त्याची भूक मंदावते, आणि मेंदूच्या वाढीचे हेच महिने हातातून निघून जातात. त्यासाठीच सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षं या वयात आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं औषध आहे. आशाताईंनी दिलं ते हेच. दोन वार ठरवून घ्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. दूध पाजल्यानंतर द्या, उपाशीपोटी दिलं तर मळमळतं. काळ्या शीची चिंता नको. मात्र तिला ताप किंवा जुलाब असतील तर तेवढे दिवस थांबा आणि बरं वाटल्यावर पुन्हा सुरू करा.

मग द्यायचं काय? तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांना खिमट नक्की येत असेल. तांदूळ आणि मूगडाळ दोनास एक या प्रमाणात घ्या. आंबेमोहोर मिळाला तर उत्तम, नाहीतर घरात असेल तो तांदूळ चालेल. दोन्ही वेगवेगळे धुवून सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर खमंग भाजा आणि भरड काढून डब्यात भरा. आठवडाभर पुरेल इतकंच करा, पावसाळ्यात तर नक्कीच. दोन चमचे भरड पाण्यात कालवून, सतत ढवळत, दहा-बारा मिनिटं नीट शिजू द्या. उतरवल्यावर चमचाभर साजूक तूप घाला. त्या एका चमच्यातून पंचेचाळीस कॅलरी मिळतात, आणि पोटातली जागा जवळजवळ अडत नाही. मीठ घालू नका, साखर-गूळही नको, वर्षभर तिला त्याची गरज नाही. तिच्या जिभेला ते अळणी लागत नाही, आपल्या जिभेला लागतं.

किती दाट हवं याची परीक्षा सोपी आहे. चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा. ओघळून सांडलं तर पातळ आहे, चमच्यात टिकून राहिलं तर बरोबर.

नाचणी सुरू केलीत हे फार चांगलं केलंत. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, इतकं दुसऱ्या कुठल्या रोजच्या धान्यात नाही. फक्त ती मोड आणलेली असू द्या. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून, हलकं भाजून दळायचं. मोड येताना धान्यातला पिष्ट पदार्थ आपोआप सुटसुटीत होतो. त्यामुळे खीर घट्ट गोळा होत नाही, तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावतं आणि पचायलाही हलकं जातं. लोह शोषायला जे अडथळा करतात तेही मोड आल्यावर कमी होतात. सुरुवातीला वस्त्रगाळ सत्त्व ठीक आहे, पण आठ महिन्यांनंतर नुसतं चाळलेलं पीठ वापरा, कापडाने गाळताना बरंच काही चोथ्याबरोबर जातं. उतरवल्यावर लिंबाचे दोन-चार थेंब पिळले तर त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि चहात बुडवलेलं बिस्किट देऊ नका. हे मी हात जोडून सांगते, कारण घरात चहा झाला की मांडीवरच्या बाळाला पहिला घास त्याचाच मिळतो. चहा लोह शोषू देत नाही, आणि बिस्किटाने पोट भरलं की खिमट कोण खाणार?

तुमच्या हातून एक गोष्ट थोडी घाईची झाली. पंधरा दिवसांत पाच नवे पदार्थ आले, आणि प्रत्येक पदार्थ सलग तीन दिवस दिल्याचं पत्रात दिसत नाही, त्यामुळे काही झालं असतं तरी कशाने झालं ते कळलं नसतं. नवा पदार्थ दिला की तीन दिवस तोच चालू ठेवा, सकाळच्या जेवणात द्या, म्हणजे अंगावर पुरळ, ओठ-डोळ्यांना सूज, उलट्या असं काही झालंच तर दिवसाउजेडी लक्षात येईल. कागदावर तारीख, पदार्थ आणि शी कशी झाली एवढं लिहून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो कागद सोबत न्या, त्यावरून फार पटकन उलगडा होतो.

अंडं, शेंगदाणा, मासे हे वर्षानंतरच द्यायचे असा समज अजून आहे. तसं थांबायचं कारण नाही. उलट शेंगदाणा लवकर सुरू केल्याने त्याची ॲलर्जी कमी होते हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून द्या, शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट खिरीत शिजवून द्या. अख्खा दाणा, फुटाणा, द्राक्ष मात्र चार-पाच वर्षांपर्यंत हातात पडू देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. घरात मासे होत असतील तर काटे काढून साधा उकडलेला मासा चालतो, कोकणात बाळांना आणि आजाऱ्यांना मुडदुशी देतात ती याच कारणाने. तिला तीव्र एक्झिमा, म्हणजे खाजरा त्वचारोग, असेल किंवा एखाद्या पदार्थाने आधी त्रास झाला असेल तर मात्र हे आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून करा. मध वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, ते उकळल्यानेही मरत नाहीत आणि तान्ह्या बाळाला त्यांनी लुळेपणा येऊ शकतो. गाईचं-म्हशीचं दूध पिण्यासाठी वर्षानंतर. चमचाभर ताजं दही आत्ताही चालेल.

गुटीबद्दल सासूबाईंचं मन दुखवायचं नाही, पण स्पष्ट लिहिते. हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ सहाणेवर उगाळून देतात, त्यात कुठल्याचे किती वेढे गेले हे कोणी मोजत नाही. जायफळ जास्त झालं तर बाळाला गुंगी येते, आणि गुंगीत पडलेलं बाळ शांत झालं असं वाटतं. वेखंडाने उलट्या होतात. सहाण आणि कांड्या महिनोन्‌महिने तशाच डब्यात असतात, त्यावरचे जंतू थेट बाळाच्या पोटात. पोट फुगलं तर हिंगाचं पाणी बेंबीभोवती लावा, त्याने काही बिघडत नाही, पण पोटात देऊ नका. एरंडेल हे आतड्याला मुरडा आणणारं जहाल रेचक आहे. सात महिन्यांच्या बाळाला एका दिवसात पाणी कमी पडून दवाखान्यात न्यायची वेळ येऊ शकते. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून खालून घालणं, साबणाची कांडी लावणं, हेही नको. त्या जागेची त्वचा फार नाजूक असते आणि एकदा चीर पडली की मूल दुखण्याच्या भीतीने शी रोखून धरतं. तिथून खरी बद्धकोष्ठता सुरू होते.

उद्या खरंच कडक खडे पडायला लागलेच तर घरी करता येण्यासारखं पुष्कळ आहे. चार-पाच काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी कुस्करून त्यांचं गाळलेलं पाणी द्या. पिकलेली पपई, उकडलेलं नासपती द्या. केळं द्यायचं तर सालीवर ठिपके आलेलं, पूर्ण पिकलेलं. कच्चट केळं शी आवळतं. प्रत्येक जेवणाबरोबर उकळून गार केलेलं पाणी वाटीने दोन-चार घोट पाजा. बऱ्याच घरांत घट्ट अन्न सुरू होतं आणि पाणी द्यायचं राहून जातं. तिला पाठीवर झोपवून पाय सायकलसारखे हलवा, पोटाला तिच्या उजवीकडून डावीकडे गोल तेल चोळा. आठवडाभर असं करूनही खडे पडत राहिले तर डॉक्टर तिच्या वयाला चालणारं सौम्य औषध देतील.

भरवताना तिला मांडीवर ताठ बसवा. वाटी-चमच्याने भरवा. आडवं घेऊन बोंडल्याने घशात ओतू नका. ठसका लागून अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका आहे. पहिले काही दिवस ती जिभेने घास बाहेर ढकलेल, ते नावडीचं लक्षण नाही. एखादी चव तिला आवडायला आठ-दहा वेळा द्यावी लागते. आता सात महिने झाले आहेत, तेव्हा दिवसातून दोन-तीनदा, अर्धी वाटीपर्यंत, आणि मागेल तेव्हा अंगावरचं दूध. मिक्सरमध्ये गुळगुळीत करायची सवय आता सोडा. आठव्या-नवव्या महिन्यात थोडे कण, थोडं रवाळ तिच्या जिभेला लागायला हवं, नाहीतर पुढे दीड वर्षाची मुलं भाताचं शीत लागलं तरी उलटी काढतात. मोबाइलवर गाणी लावून भरवू नका. तोंड फिरवलं की जेवण संपलं.

आता हे लक्षपूर्वक वाचा, कारण खालीलपैकी काही दिसलं तर माझ्या उत्तराची वाट बघायची नाही. बीट न खाता शीत लाल रक्त किंवा आव. लोहाचं औषध चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट शी. पांढरी, खडूसारखी शी, ती एकदाच झाली तरी. हिरव्या पित्ताची उलटी. पोट फुगून कडक होणं. आणि एक विशेष सांगायचं म्हणजे बाळ अचानक कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, पांढरं पडतं, मग काही मिनिटं अगदी शांत होतं, आणि पुन्हा तशीच कळ येते. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरल्याने असं होतं, साधारण पाच ते नऊ महिन्यांच्या वयात ते जास्त दिसतं. त्यात जेलीसारखी लाल शी उशिरा होते, तोवर थांबू नका. रात्र असली तरी निघा, सोनोग्राफीची आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

जुलाब म्हणजे नेहमीपेक्षा पाण्यासारखी पातळ आणि नेहमीपेक्षा जास्त वेळा. ‘दात येतायत, जुलाब होणारच’ असं म्हणून जे दिवस जातात ते मला फार टोचतात. दातांनी जुलाब होत नाहीत. याच वयात बाळ रांगायला लागतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही ओसरत असते. दात आणि जंतुसंसर्ग एकाच वेळी येतात, म्हणून दोष दातांवर जातो. जुलाब लागले तर लगेच ओआरएस सुरू करा. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं, अर्धं पाकीट अंदाजाने नाही, आणि चोवीस तासांनंतर उरलेलं फेकायचं. प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. झिंकची गोळी तिच्या वयाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. या दोन्ही गोष्टी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. दूध आणि खिमट चालूच ठेवायचं. सहा-आठ तास शू झाली नाही, डोळे खोल गेले, टाळू बसली, मूल मलूल झालं किंवा पिईनासं झालं तर थेट दवाखाना.

सासूबाईंबद्दल एवढंच. त्यांच्या तरुणपणी जुलाबाने मुलं दगावायची, आणि पोटाला विश्रांती द्यावी असा सल्ला तेव्हा सगळेच द्यायचे. त्या जे सांगतात ते त्या भीतीतून आणि नातीच्या मायेतून. त्यांना नाही म्हणण्याऐवजी खिमटाची भरड भाजायचं काम त्यांच्याकडे द्या, नाचणीला मोड आणायचं त्यांनाच विचारा. आणि उष्टावणाची जुनी रीतही त्यांना आठवून द्या. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, म्हणजे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात. सातवा महिना लागतो तो सहा पूर्ण झाल्यावरच. जागतिक आरोग्य संघटना जे १८० दिवस सांगते तेच तुमच्या घरात झालं आहे.

तिचं वजन जन्माच्या अडीचपट झालं आहे आणि वयाला अगदी योग्य आहे. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा आणि माता बाल संरक्षण कार्डावर ठिपका मांडून घ्या. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो, तेव्हा ते कार्ड डॉक्टरांना दाखवा. ठिपके वर चढत असतील तर शीचा रंग रोज बदलला तरी काही बिघडत नाही. दोन महिने रेषा आडवी राहिली तर मात्र शी कितीही छान पिवळी असली तरी बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन तिच्या आहाराची आणि रक्ताची तपासणी करून घ्या.